दातांची शुभ्रता आणि घरगुती उपाय

दाताचा रंग त्याच्या वरच्या थरात असतो आणि तो थर घासला की दात पांढरा होतो, या समजुतीवर दात शुभ्र करण्याचे बहुतेक घरगुती उपाय उभे आहेत. दाताची प्रत्यक्ष रचना मात्र या समजुतीला फारसा आधार देत नाही. हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागावर एनॅमलचे, म्हणजे दंतवल्काचे, कवच असते. शरीरातील सर्वांत कठीण असा हा पदार्थ वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजांचा, मुख्यतः हायड्रॉक्सिअॅपेटाइट या कॅल्शियम व फॉस्फरसयुक्त स्फटिकांचा, बनलेला असतो. चावण्याच्या टोकाशी त्याची जाडी दोन-अडीच मिलिमीटर भरते, पण हिरडीकडे तो पातळ होत होत जवळपास नाहीसा होतो. त्याच्याखालचा डेंटिन हा थर पिवळसर असतो, आणि दंतवल्क अर्धपारदर्शक असल्यामुळे दुधी काचेच्या तावदानामागील भिंतीचा रंग बाहेरून जाणवावा तसा डेंटिनचा पिवळेपणा बाहेर उमटतो. निरोगी माणसाचे दातही कागदासारखे पांढरे नसतात, आणि हिरडीजवळचा भाग टोकापेक्षा नेहमी थोडा अधिक पिवळा दिसतो, तो यामुळेच.

या रचनेतील आणखी एक गोष्ट पुढील सर्व विवेचनासाठी महत्त्वाची आहे. दंतवल्क घडवणाऱ्या पेशी दात उगवताच नष्ट होतात. हाड मोडले तर जुळते, त्वचा कापली तर भरून येते, पण झिजून गेलेले दंतवल्क शरीर पुन्हा तयार करीत नाही. लाळेतील कॅल्शियम, फॉस्फेट आणि टूथपेस्टमधील फ्लोराइड यांच्या साहाय्याने मऊ पडलेला थर काही प्रमाणात पुन्हा कठीण होऊ शकतो, परंतु निघून गेलेला थर परत येत नाही. म्हणून एखादा उपाय दात पांढरे करतो का, एवढेच विचारून भागत नाही. तो पांढरेपणा कोणत्या मार्गाने येतो आणि त्यासाठी दाताचे काय खर्ची पडते, हेही विचारावे लागते.

दातांवरचे डाग दोन जातींचे असतात. दात घासल्यानंतर थोड्याच वेळात लाळेतील प्रथिनांचा एक अतिशय पातळ पापुद्रा दातांवर चढतो आणि चहा, कॉफी, तंबाखू, पानातील कात यांतील रंगद्रव्ये या पापुद्र्यात अडकून बसतात. काही औषधी द्रवांच्या गुळण्या किंवा लोहाची पातळ औषधे यांनीही असेच डाग पडतात. हे बाह्य डाग. दुसरे डाग दाताच्या घडणीतच मुरलेले असतात. वाढत्या वयाबरोबर दंतवल्क पातळ व डेंटिन जाड होत गेल्यामुळे येणारा पिवळेपणा, दात घडत असताना पिण्याच्या पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने उमटलेले खडूसारखे किंवा तपकिरी पट्टे, बालपणी अथवा आईच्या गरोदरपणात टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके दिली गेल्याने आलेली करडी झाक आणि आतील नस मृत झाल्याने काळवंडलेला एखादाच दात, हे सारे अंतर्गत डागांत मोडतात. घासण्याचा कोणताही उपाय फार तर पहिल्या जातीच्या डागांपर्यंत पोहोचतो, आणि तेथेही तो डाग काढतो की डागासकट दाताचा थर काढतो, हा प्रश्न उरतोच.

घरगुती उपायांत लिंबाचा मान सर्वांत मोठा आहे आणि दातांचे सर्वाधिक नुकसानही बहुधा तेच करते. द्रवाची आम्लता मोजण्यासाठी पीएच ही श्रेणी वापरतात. तीत ७ हा अंक उदासीन, त्याखालील आम्लधर्मी, आणि अंक एकाने खाली आला की आम्लता दहापट वाढलेली असते. दातालगतच्या द्रवाचा पीएच सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.६ च्या आसपास, म्हणजे त्या मर्यादेपेक्षा हजारपटींच्या घरात अधिक आम्ल असतो, आणि त्यातील सायट्रिक आम्ल कॅल्शियमला स्वतःशी बांधून घेत असल्यामुळे झीज अधिक वेगाने होते. कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर दात आंबतात तेव्हा आम्लाच्या याच परिणामाची चुणूक मिळते. फरक एवढाच की कैरीची फोड चघळताना भरपूर लाळ सुटून आम्ल लवकर सौम्य होते, तर लिंबाची साल दातांवर दाबून चोळताना रस दाताच्या पृष्ठभागावर मुद्दाम रेंगाळत ठेवला जातो.

तरीही लिंबाने दात उजळले असे सांगणारे खोटे बोलत नसतात, आणि या उपायाचे आकर्षण कळण्यासाठी हे बारकाईने पाहायला हवे. आम्लाने दंतवल्काच्या सर्वांत वरच्या थरातील खनिजे सुटली की तेथे सूक्ष्म छिद्रे पडतात, गुळगुळीत चकचकीत पृष्ठभाग खडबडीत होतो आणि त्यावर पडलेला प्रकाश आत न जाता विखुरला जातो. अशा पृष्ठभागाला डोळे पांढरा म्हणतात. दात कोरडा पडला तरीही असेच घडते, म्हणून दंतवैद्य दाताचा रंग पारखायचा असेल तर तो वाळण्यापूर्वी पारखतात. लिंबू चोळल्यानंतर आरशात दिसणारी खडूसारखी निस्तेज शुभ्रता अशी दाताच्या झिजेतूनच आलेली असते. खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर चहा-कॉफीचे डाग पूर्वीपेक्षा सहज धरतात, काही दिवसांनी दात पुन्हा पिवळे भासतात, उपाय पुन्हा केला जातो, आणि असे होत होत दंतवल्क इतके पातळ होते की खालचे पिवळे डेंटिन अधिकच स्पष्ट दिसू लागते. दात पांढरे करण्यासाठी सुरू केलेला उपाय अशा रीतीने त्यांना कायमचे पिवळे करतो. त्याच वेळी डेंटिनमधील नसेपर्यंत जाणाऱ्या अतिसूक्ष्म नलिकांची तोंडे उघडी पडतात, त्यांतील द्रव थंड पाण्याने किंवा वाऱ्यानेही हलतो, आणि दात शिवशिवू लागतात. व्हिनेगर, संत्र्याची साल आणि पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा लगदा हे उपाय याच कुळातले आहेत. स्ट्रॉबेरी आणि खाण्याचा सोडा यांच्या मिश्रणाची अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या दंतविज्ञान विभागात तपासणी झाली, तेव्हा त्याने दात खऱ्या अर्थाने उजळत नाहीत असेच आढळले.

खाण्याच्या सोड्याचा विचार मात्र वेगळा करायला हवा, कारण घरगुती पदार्थांत त्याची बाजू सर्वांत भक्कम आहे. सोडियम बायकार्बोनेट हा सौम्य अल्कधर्मी पदार्थ असून खनिजांची कठीणता मोजण्याच्या मोह श्रेणीत तो सुमारे २.५ वर येतो, तर दंतवल्क ५ च्या आसपास असते. शिवाय त्याचे कण पाण्यात विरघळून मऊ होतात. टूथपेस्टचा घासून काढण्याचा जोर मोजण्यासाठी सापेक्ष डेंटिन घर्षण नावाचे मोजमाप आहे, त्यात २५० ही आंतरराष्ट्रीय मानकाची वरची मर्यादा आहे, आणि निव्वळ सोड्याचा अंक दहाच्याही खाली येतो. चहा-तंबाखूचे वरवरचे डाग सोडा काढू शकतो, म्हणूनच अनेक तयार टूथपेस्टमध्ये तो घातलेला असतो. परंतु तो दाताच्या आतील रंग बदलत नाही, आणि त्यात फ्लोराइड नसल्यामुळे रोजच्या टूथपेस्टऐवजी नुसता सोडा वापरणाऱ्याचे दात किडीपासूनच्या एका मोठ्या संरक्षणाला मुकतात. डाग पुसण्यासाठी कधीतरी चिमूटभर सोडा वापरण्यात धोका थोडा आहे. टूथपेस्ट सोडून देण्यात मोठा आहे.

याच सोड्यात लिंबू पिळून केलेली फसफसणारी पेस्ट मात्र रसायनशास्त्राच्या साध्या हिशेबातही टिकत नाही. एका मध्यम कागदी लिंबाच्या रसात साधारण एक ग्रॅम सायट्रिक आम्ल असते आणि ते पूर्ण उदासीन करण्यासाठी सुमारे १.३ ग्रॅम, म्हणजे पाव चमच्याच्या आसपास, सोडा लागतो. सोडा तेवढा किंवा त्याहून जास्त असेल तर आम्ल संपून जाते आणि लिंबू पिळण्याला काही अर्थच उरत नाही. सोडा चिमूटभर असेल तर आम्ल शिल्लक राहते आणि मऊ पडलेल्या दंतवल्कावर ब्रश फिरतो. वर येणारा फेस हा या अभिक्रियेतून सुटलेला कार्बन डायऑक्साइड असतो आणि त्यात दात उजळवण्याचा कोणताही गुण नसतो. आंबट खाल्ल्या-प्यायल्यानंतर अर्धा तास ते तासभर ब्रश करू नये, असे दंतवैद्य सांगतात त्यामागेही हेच कारण आहे: तेवढ्या अवधीत लाळ आम्ल धुऊन काढते आणि पृष्ठभागाला पुन्हा कठीण होण्यास वाव मिळतो.

कोळसा आणि राखुंडी यांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. चुलीतला कोळसा मिठाबरोबर वाटून किंवा शेणीची, भाताच्या तुसाची, बदामाच्या टरफलांची राख चाळून दात घासण्याची पद्धत ज्या काळात रूढ होती, त्या काळात ब्रश-पेस्ट बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती, आणि काहीच न घासण्यापेक्षा बोटाने राख घासणे बरेच होते, हे मान्य करायला हवे. आज त्या राखेकडून शुभ्रतेची अपेक्षा ठेवली जाते तेव्हा तिच्या घटकांकडे पाहावे लागते. तुसाच्या राखेचा फार मोठा भाग सिलिकाचा असतो, आणि तूस जास्त उष्णतेवर जळले तर तो स्फटिकरूप होतो. वाळूतील गारेसारखा स्फटिकरूप सिलिका मोह श्रेणीत ७ वर, म्हणजे दंतवल्काच्याही वर असतो. घरच्या चुलीत किती उष्णतेवर काय तयार झाले आणि चाळणीतून किती जाड कण खाली उतरले, हे मोजण्याचे कोणतेही साधन घरी नसते. तयार टूथपेस्टमध्येही सिलिका असतो, पण त्याच्या कणांचा आकार आणि जोर कारखान्यात नियंत्रित केलेला असतो.

अलीकडे बाजारात आलेल्या काळ्या पेस्ट व पावडरी चारकोलच्या नावाने खपतात आणि त्यांच्यातील सक्रिय कोळसा डाग शोषून घेतो असे सांगितले जाते. अतिसच्छिद्र कोळसा द्रवात विरघळलेले रेणू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो, हे खरे आहे, पण पापुद्र्यात पक्के बसलेले डाग मिनिट-दोन मिनिटांच्या घासण्यात त्याच्याकडे ओढले जातात असा पुरावा नाही. जो काही उजळपणा येतो तो घर्षणाने येतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कोळशाच्या पन्नास दंतउत्पादनांचे दावे तपासले गेले आणि त्यांची सुरक्षितता वा उपयुक्तता सिद्ध करण्याइतका वैद्यकीय पुरावा उपलब्ध नाही, असा निष्कर्ष निघाला. हिरडीच्या कडेला, दातांच्या बारीक चिरांत आणि दातात भरलेल्या जुन्या सिमेंटच्या कडांशी काळे कण अडकून राखाडी रेघ उमटते, ती काढायला पुन्हा दंतवैद्याकडेच जावे लागते.

महाराष्ट्राच्या संदर्भात सर्वांत काळजीची बाब मात्र लिंबू किंवा कोळसा ही नसून मशेरी ही आहे, आणि शुभ्र दातांच्या उपायांची चर्चा तिला वगळून करणे अप्रामाणिक ठरेल. तंबाखूची पाने तव्यावर काळपट होईपर्यंत भाजायची, चुरून त्यांची पूड करायची आणि ती तर्जनीवर घेऊन दातांना व हिरड्यांना चोळायची, ही मशेरीची रीत. दात स्वच्छ राहतात, दाढ ठणकत नाही, या समजुतीने ती हाती घेतली जाते. घरातल्या मोठ्या बायका लावतात म्हणून मुलीही लावू लागतात, आणि ज्या घरांत विडी-सिगारेट ओढणारी स्त्री कल्पनेतही येत नाही त्या घरांत मशेरी दंतमंजन म्हणून निर्धास्तपणे नांदते. तोंडातील पातळ त्वचेतून निकोटीन लगेच रक्तात शिरते, सकाळी एकदाची मशेरी दिवसातून चार-पाच वेळांवर जाते, आणि ती लावल्याशिवाय कोठा साफ होत नाही ही नेहमीची तक्रार खरे तर व्यसनाची खूण असते.

दातांसाठीही तिचा काही उपयोग नाही; उलट तिने काळसर डाग पडतात, हिरड्या दातांपासून खाली सरकतात आणि तोंडात पांढरट चट्टे उमटू शकतात, ज्यांपैकी काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. तंबाखूत मुळातच असलेली नायट्रोसअमाइन नावाची कर्करोगकारक रसायने तिच्यात असतातच, आणि भाजताना बेंझोपायरीनसारख्या घातक रसायनांची त्यांत भर पडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. हानी तोंडापुरती राहत नाही. मुंबईतील १२१७ गरोदर स्त्रियांचा मागोवा घेऊन २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आणि त्यातही मुख्यतः मशेरी लावणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाणही वाढलेले दिसले. केंद्र सरकारने १९९२ साली टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ती योग्य ठरवली; पण कायद्याचा हात कारखान्यापर्यंत पोहोचतो, घरच्या तव्यापर्यंत नाही, आणि ते अंतर आशा कार्यकर्तीने किंवा घरातल्याच शिकलेल्या मुलीने ओलांडावे लागते.

तेलाच्या गुळण्यांविषयी थोडक्यात सांगता येते. आयुर्वेदात गंडूष व कवल या नावांनी तिळाच्या तेलाची गुळणी सांगितलेली आहे, तिने तोंडाचा कोरडेपणा व काही प्रमाणात दातांवरचा जंतूंचा थर कमी होऊ शकतो, पण दात पांढरे होतात याला विश्वासार्ह पुरावा नाही. हळदीचे आणि केळीच्या सालीचेही तसेच. चरकसंहितेत करंज, कण्हेर, रुई, अर्जुन अशा झाडांच्या काडीने दिवसातून दोन वेळा दात घासावेत असे सांगताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये अशी अट जोडलेली आहे, ती आजच्या दंतवैद्यकाशी तंतोतंत जुळते. परंपरेच्या नावाने खरखरीत पूड जोर लावून घासणाऱ्यांच्या लक्षातून नेमकी हीच अट सुटते.

दाताच्या आतील रंग खरोखर बदलणारा मुख्य पदार्थ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ते हळूहळू सोडणारे कार्बामाइड पेरॉक्साइड. हे लहान रेणू दंतवल्कातून पार होऊन डेंटिनपर्यंत जातात आणि रंग देणाऱ्या मोठ्या सेंद्रिय रेणूंचे ऑक्सिडीकरण करून त्यांचा रंग घालवतात. अमेरिकेतील हेवूड आणि हेमन या दंतवैद्यांनी १९८९ साली रात्री दातांवर बसवायच्या मापाच्या साच्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल भरण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि घरी करता येणारा पण वैद्यकीय देखरेखीखालचा हा उपाय जगभर रूढ झाला. या जेलमधून प्रत्यक्षात सुमारे साडेतीन टक्केच हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते. घरच्या उपायांवरील ७१ चाचण्यांचा कोक्रेन संस्थेने २०१८ साली घेतलेला आढावा सांगतो की अशा रसायनांनी काही काळापुरते दात उजळतात, पण पुरावा फारसा भक्कम नाही, आणि दात शिवशिवणे व हिरड्यांची जळजळ हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशान्वये ०.१ टक्क्याहून जास्त व ६ टक्क्यांपर्यंतचे पेरॉक्साइड फक्त दंतवैद्यामार्फत आणि अठरा वर्षांवरील व्यक्तींनाच देण्याची अट घातली.

हे वाचून जखम धुण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी पेरॉक्साइडची बाटली दातांवर वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण दोहोंत मोठा फरक आहे. ते द्रावण बहुधा सहा टक्क्यांच्या आसपासचे असते, जेलप्रमाणे दातापुरते थांबत नाही, हिरड्यांवर व घशाकडे पसरते, हिरडी पांढरी पडून भाजल्यासारखी दुखते आणि काही पोटातही जाते. सोड्यात मिसळले तर ते लवकर विघटित होऊन त्याचा बराचसा ऑक्सिजन कामास येण्यापूर्वीच निघून जातो. ज्याच्या दाताला कीड आहे किंवा सिमेंट निघालेले आहे, त्याच्या दातात पेरॉक्साइड थेट नसेपर्यंत पोहोचू शकते. शिवाय कृत्रिम टोप्या व सिमेंट यांचा रंग कोणत्याही पेरॉक्साइडने बदलत नाही, म्हणून आजूबाजूचे दात उजळले की समोरचा जुना भरलेला दात वेगळाच उठून दिसू लागतो.

चहा-तंबाखूच्या डागांसाठी आणि दातांच्या आतल्या बाजूला साचणाऱ्या किटणासाठी दंतवैद्याकडून दात साफ करून घेणे हा पहिला उपाय आहे. साफ केल्याने दात हलू लागतात ही भीती अनेक घरांत असते. प्रत्यक्षात हिरडीच्या आजाराने आधीच सैल झालेल्या दातांना किटणाच्या थराने बांधून ठेवलेले असते, आणि तो निघाल्यावर मूळचा सैलपणा जाणवतो. किटण तसेच राहू दिले तर त्याखालचे हाड झिजत राहते.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातील फ्लोराइड भारतीय मानकाच्या लिटरला १.५ मिलिग्रॅम या कमाल मर्यादेपलीकडे जाते आणि तेथील मुलांचे कायमचे दात तपकिरी पट्टे घेऊनच उगवतात. हे पट्टे घडणीतले असल्यामुळे लिंबाने, राखेने किंवा कोळशाने ते जात नाहीत, आणि घासून घासून दातांची चकाकी तेवढी जाते. अशा दातांना दंतवैद्याकडे वरचा अतिसूक्ष्म थर नियंत्रितपणे काढणे, पेरॉक्साइडने उजळवणे किंवा दाताच्या रंगाचा थर चढवणे हे पर्याय असतात. परंतु पुढच्या मुलांसाठी करायचे काम पाण्यावरचे आहे, आणि ते पहिल्या आठ वर्षांत, दात हिरडीखाली घडत असतानाच करावे लागते. तुरटी व चुना वापरून पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याची, नलगोंडा या नावाने ओळखली जाणारी पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, विकसित केलेली आहे. ती पद्धत किंवा फ्लोराइड कमी असलेला दुसरा जलस्रोत यांतले काही ना काही गावाच्या पाणीयोजनेत आले, तर त्या गावात जन्मणाऱ्या मुलांचे कायमचे दात या डागांविना उगवू शकतात.